शंभरात त्रेपन्न

दोन तुल्यबळ संघ समोरासमोर आहेत आणि बुकी दोघांनाही १.९१ चा भाव देतो आहे. १०० लावले आणि जिंकलात, तर हातात १९१ येतात. हरलात तर १०० गेले. निम्म्या-निम्म्या शक्यतेला खरा भाव २ हवा. मधला फरक बुकीचा.

१ ला भावाने भागलं की त्या भावात दडलेली शक्यता मिळते. इथे ती ५२.४ टक्के. दोन्ही संघांची बेरीज १०४.७ होते, आणि शंभरावरचे ४.७ बुकीने चढवलेले असतात. शंभर पैजांतल्या ५२ जिंकणाऱ्याला खेळ नक्कीच कळतो, पण दर वेळी १०० लावून तो शेवटी ६८ गमावून बसतो. नफ्यासाठी ५३ लागतात.

म्हणून ‘कोण जिंकेल?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ८० टक्के शक्यता असलेल्या संघावर १.२० चा भाव घेतला, तर लावलेल्या प्रत्येक १०० मागे सरासरी ९६ परत येतात. ३० टक्केवाल्या दुबळ्या संघावर ३.६० मिळाला, तर १०८. बहुतेक वेळा हरणारी पैज फायद्याची आणि बहुतेक वेळा जिंकणारी तोट्याची, हे मनाला पटायला वेळ लागतो. चार सामने एकत्र गुंफलेली, चारही अंदाज बरोबर आले तरच पैसे देणारी पैज तर आणखी महाग. प्रत्येक सामन्यात १०० चे ९५.५ उरत असतील, तर चारांच्या गुणाकारात ८३ च उरतात.

आता समजा, एखाद्याला खरोखर ५५ टक्के अचूक अंदाज बांधता येतो. हे कौशल्य मोठंच आहे. तरीही १.९१ च्या भावाने शंभर पैजा लावल्यावर तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के असते. उलट, नाणं उडवून संघ निवडणारा तितक्याच पैजांनंतर नफ्यात असण्याची शक्यताही सुमारे ३१ टक्केच! शंभर निकालांवरून कुणाला ‘जाणकार’ ठरवणं किती पोकळ आहे, ते इथे दिसतं. हजार पैजांनंतर पहिल्याची तोट्याची शक्यता पाचेक टक्क्यांवर येते, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट होऊ लागतं.

किती लावायचं, याचं सूत्र १९५६ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या दूरध्वनी-संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांनी मांडलं. ते मूळचे माहितीच्या वहनावर काम करणारे. त्यांच्या सूत्रानुसार आपल्या ५५ टक्केवाल्याने दर वेळी भांडवलाच्या साधारण साडेपाच टक्केच लावावेत. याच्या दुप्पट लावत गेला, तर भांडवलाची वाढ जवळपास थांबते. निम्मं भांडवल लावत राहिला, तर अंदाज सरस असूनही दिवाळं ठरलेलं. हरल्यावर रक्कम दुप्पट करत जाण्याच्या युक्तीबद्दल फार बोलायला नको: एका एककापासून सुरुवात करून सलग दहा वेळा हरलात, की १,०२३ एककं गेलेली असतात.

पण केलींच्या सूत्राला खरी शक्यता आधी माहीत असावी लागते, आणि सामन्यात ती कुठे लिहिलेली नसते. ५५ हा स्वतःचाच अंदाज. तो प्रत्यक्षात ५२ निघाला, तर सूत्राचं उत्तर शून्याखाली जातं, म्हणजे काहीच लावू नये. त्यामुळे सावध लोक सूत्राने सांगितलेल्या रकमेच्या निम्मंच लावतात. तेवढ्यावरही जो सातत्याने जिंकतो, त्याने किती लावावं यावर अनेक बुकी मर्यादा घालतात.