ईमेल आयडी तुमचा, पासवर्डही तुमच्याकडेच
ऑनलाइन फॉर्म भरायला येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

प्रवेश असो, शिष्यवृत्ती असो की नोकरीचा अर्ज, फॉर्मच्या पहिल्याच पानावर ईमेल आयडी मागतात. "होता एक, भाच्याने काढून दिलेला. पासवर्ड नाही माहीत. नवीनच काढा ना!" हे आम्ही रोज ऐकतो. नवीन आयडी पाच मिनिटांत निघतो. पण हॉल तिकीट गेलेलं असतं जुन्या आयडीवर, आणि ते नव्यात येत नाही.

मेल असतो कुठे?

तुमचा मेल मुळात फोनमध्ये नसतो. तो ईमेल देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर असतो, फोन फक्त तो उघडून दाखवतो. त्यामुळे फोन हरवला तरी मेल जात नाहीत. पासवर्ड आठवत असला की दुसऱ्या फोनवर सगळे जसेच्या तसे दिसतात.

पत्त्यात 'ॲट'च्या (@) आधी तुमचं नाव आणि नंतर खातं जिथे आहे त्या कंपनीचं. (ही खूण १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने निवडली, ती आजही तीच आहे.) तुम्ही 'सेंड' दाबलं की तुमचा सर्व्हर 'ॲट'नंतरचा भाग वाचतो, त्या कंपनीचा सर्व्हर शोधतो आणि मेल त्याच्याकडे सोपवतो. समोरच्याचा फोन बंद असला तरी चालतं, मेल तिथे थांबून राहतो. पत्त्यात एक अक्षर चुकलं आणि तसं खातंच नसेल, तर मेल परत आल्याचा निरोप येतो. पण त्या नावाचं खातं दुसऱ्या कुणाचं निघालं तर तुमचं आधार कार्ड परक्याकडे गेलं, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून आम्ही पत्ता दोनदा वाचून घेतो, कंटाळू नका. जीमेलच्या नावात टिंब राहिलं तर मात्र बिघडत नाही, तिथे टिंब धरतच नाहीत.

पाठवताना

विषयाची ओळ रिकामी ठेवू नका. अर्ज क्रमांक आणि काम तिथेच लिहा. जीमेलमध्ये जोडलेल्या फाइली एकूण २५ एमबीपर्यंतच जातात. त्यापुढे फाइलऐवजी ड्राइव्हची (गुगलच्या ऑनलाइन साठवणीची) लिंक जाते आणि ऑफिसातल्या माणसाला ती बऱ्याचदा उघडत नाही. मार्कशीटचा फोटो टाकण्यापेक्षा स्कॅन करून पीडीएफ जोडलेली बरी. घाईत चुकीचं गेलं, तर खाली काही सेकंद 'अनडू' दिसतं. ते सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतं.

मेल आलाच नाही?

आधी 'स्पॅम' हा नको असलेल्या मेलचा कप्पा बघा. तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात, तेव्हा उशीर नको. मग जागा बघा. गुगलची फुकट १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंनाही वाटली जाते, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजतात. गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी ती भरली की मेल येणं बंद होतं!

पासवर्ड

पासवर्ड आम्हाला सांगू नका, आम्ही लिहूनही ठेवत नाही. आमच्या कीबोर्डवर तुम्हीच टाइप करा. रिकव्हरीला मोबाइल नंबर तुमचाच द्या. दुकानाचा, एजंटचा किंवा शेजाऱ्याचा नको, कारण पासवर्ड विसरल्यावर कोड त्याच नंबरवर येतो. सिम बदलणार असाल तर आधी खात्यातला नंबर बदला. काम झाल्यावर आमच्या कॉम्प्युटरवरून लॉगआउट करूनच उठा. राहून गेलं, तर घरी गेल्यावर फोनमधून गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन आमचा कॉम्प्युटर काढून टाकता येतो. दोन वर्षं न उघडलेलं खातं गुगल बंद करून टाकू शकतं. मध्येमध्ये उघडत राहा.

बँकेच्या नावाने मेल आला तर नावावर जाऊ नका, नाव कुणीही काहीही लावतं. नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता दिसतो. तोही शंकास्पद वाटला किंवा ओटीपी मागितला, तर लिंक न उघडता बँकेत विचारा.

फॉर्म भरायला येताना रिकव्हरीचं सिम असलेला फोन चार्ज करून आणा. जुना आयडी शोधायला मदत केली तर त्याचे वेगळे पैसे घेत नाही.