टाइप कास्टिंग

प्रोग्राममधील एका प्रकारचे (उदा. पूर्णांक किंवा मजकूर) मूल्य दुसऱ्या प्रकारात नेण्याची क्रिया. काही भाषा ती आपोआप करतात, काहींत प्रोग्रामरला ती स्पष्ट लिहावी लागते.

फोर्ट्रानमध्ये (१९५७) पूर्णांक आणि फ्लोटिंग पॉइंट (दशांश चिन्ह असलेल्या) संख्या एकाच पदावलीत सहसा मिसळता येत नसत. चलाला मूल्य देताना मात्र रूपांतर आपोआप होई. सी भाषेतील कास्टचे (प्रोग्रामरने स्पष्ट लिहिलेल्या रूपांतराचे) मूळ अल्गॉल ६८ मध्ये शोधले जाते. सीचे जनक डेनिस रिची यांनीही या भाषेतील युनियन (एकाच जागेत वेगवेगळ्या प्रकारची मूल्ये ठेवणारी रचना) व कास्टचा प्रभाव नंतर सीवर पडल्याचे नमूद केले आहे. सीच्या पूर्वज बीसीपीएल व बी या भाषा प्रकारविरहित होत्या, म्हणजे कास्ट त्यांच्याकडून येणे शक्य नव्हते, हे पाहता हे मत ग्राह्य वाटते.

इंटपेक्षा (सीच्या नेहमीच्या पूर्णांक प्रकारापेक्षा) कमी बिटांची अनसाइन्ड, म्हणजे ऋण मूल्ये नसलेल्या प्रकारची, संख्या पदावलीत आल्यास तिचे काय करावे, यावर सीमध्ये दीर्घ मतभेद होते. यूनिक्सवरचे जुने कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे प्रोग्राम) तिला वाढवताना अनसाइन्डच ठेवत. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने मूल्य इंटमध्ये मावत असेल तर इंटच करावे, असे ठरवले. परिणामी ३२ बिटांचा इंट असलेल्या यंत्रावर −१ ची तुलना १६ बिटांच्या अनसाइन्ड १ शी केल्यास पूर्वी −१ मोठा ठरे (अनसाइन्ड म्हणून वाचल्यास तो प्रचंड मोठी संख्या होतो), आता लहान ठरतो. अनसाइन्ड इंट असलेल्या १ शी तुलना केली, तर तो आजही मोठाच ठरतो. नवा नियम अधिक सुरक्षित मानावा लागेल; तरी जुना कोड नव्या कंपायलरवर नेताना अशी प्रत्येक तुलना तपासणे अगत्याचे आहे.

भाषांतला खरा फरक मूल्य मावत नाही तेव्हा दिसतो. फ्लोटिंग पॉइंट संख्या इंटमध्ये बसत नसेल, तर जावा जवळची सीमा देते (उदा. २१४७४८३६४७), रस्टमधील ‘अॅज’ रूपांतरही आवृत्ती १.४५ पासून (२०२०) तसेच वागते. सीमध्ये वर्तन अनिर्धारित राहते. एडा भाषा एक्सेप्शन (चूक झाल्याचा संकेत) उभारते, पण ते हाताळणारा कोड हवा. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ अग्निबाणात ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना एक्सेप्शन आले. अशा सात चलांपैकी चारच संरक्षित होते आणि हे त्यांत नव्हते. मुख्य व राखीव अशा दोन्ही दिशादर्शक संगणकांत तेच सॉफ्टवेअर असल्याने दोन्ही बंद पडले व अग्निबाण नष्ट झाला.

जावास्क्रिप्टमध्ये "५" + ३ चे उत्तर "५३", तर "५" − ३ चे २ येते. पायथन दोन्ही नाकारते. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्येत ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सर्व पूर्णांक अचूक मावत नाहीत, म्हणून ६४ बिटांचे ओळखक्रमांक तिच्याकडे पाठवताना स्ट्रिंग (मजकूर) म्हणून पाठवतात.