उंबराचं फूल बघायला चला

आमच्या घराजवळच्या बागेत, घसरगुंडीच्या मागे, एक जुना उंबर आहे. दोघांच्या कवेत मावणार नाही असं खोड, आणि त्या खोडालाच लगडलेले उंबरांचे घोस. पिकलेली उंबरं चालण्याच्या वाटेवर पडतात, पायाखाली चिरडतात, चपला चिकट होतात, म्हणून फिरायला येणारे कुरकुरत बाजूनं जातात. मी मात्र गेली दोन वर्षं जमेल त्या रविवारी आई आणि मुलीला घेऊन त्याच झाडाखाली बसते. मुलांना बागेत न्यायचं म्हणजे सगळी बाग फिरवायची असं आपल्याला वाटतं. त्यात पाय दुखतात, पण लक्षात फारसं काही राहत नाही. एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा गेलं, की ते झाड मुलांच्या ओळखीचं होतं.

लेकीनं पहिल्यांदा पडलेलं उंबर फोडायला घेतलं तेव्हा आई पटकन म्हणाली, "अगं, उंबर फोडून केंबरं कशाला काढतेस?" झाकलेलं प्रकरण उकरून काढणाऱ्याला आपण हे सुनावतो. आईचा रोख मात्र खऱ्याच केंबरांवर होता, उंबर उघडलं की भुर्रकन उडणाऱ्या त्या चिलटांवर. ही म्हण ज्यांनी पाडली त्यांनी उंबर नीट उघडून पाहिलेलं होतं. आम्हीही तेच केलं.

उंबराला फूल येत नाही असं आपण लहानपणापासून ऐकतो. बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या माणसाला "उंबराचं फूल झालात" म्हणतो. प्रत्यक्षात घोसातल्या प्रत्येक हिरव्या गोळ्यात शेकडो फुलं असतात, फक्त ती आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. सूर्यफुलाची तबकडी घ्या, तिच्या कडा वर वळवून बटव्यासारखं तोंड आवळा, की झालं उंबर. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीकसं छिद्र असतं, तेही एकावर एक बसलेल्या खवल्यांनी बंद. भिंगातून हे छिद्र बघायला मुलांना शिकवा. नशीब असेल तर तिथे अडकलेला एखादा इवलासा पंख दिसतो.

हा पंख उंबराच्या गांधीलमाशीचा. आपल्या ओळखीच्या, दंश करणाऱ्या गांधीलमाशीची ही दूरची नातलग. आकार जेमतेम मोहरीएवढा, माणसाला चावणं-डसणं नाही. उंबर कोवळं असताना गंधाच्या मागावर मादी येते आणि त्या खवल्यांमधून डोकं खुपसून आत शिरते. वाट इतकी अरुंद की पंख तुटून बाहेर राहतात. परतीचा रस्ता संपला. आत ती काही फुलांत अंडी घालते आणि छातीवरच्या खिशांत भरून आणलेले परागकण फुलांना देते. खिसे हा शब्द मी सोपं करून सांगायला वापरलेला नाही, तिच्या अंगावर खरोखर तसे खळगे असतात. काम झालं की ती तिथेच मरते.

पुढचा महिना-दीड महिना बाहेरून काहीच कळत नाही. आत एकेका फुलात एकेक अळी वाढत असते, आणि ज्या फुलांत अंडं पडलं नाही त्यांच्यात बी धरत असतं. आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, दिसतंही जवळपास नाहीच. माद्या अजून फुलांतच असताना ते त्यांच्याशी मीलन करतात, मग सगळे मिळून उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात. त्यांचं आयुष्य तेवढंच. माद्या ताजे पराग गोळा करून त्या बोगद्यातून उडून जातात आणि त्यानंतर उंबर लाल होऊ लागतं. म्हणून लाल उंबर फोडलं तर बहुतेक मंडळी गेलेली असतात, उरतात ती रिकामी घरं, मेलेले नर आणि मागाहून शिरलेली चिलटं.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग अंजिरातही किडे असतात का? आपल्याकडच्या पुरंदरच्या अंजिरात नसतात, कारण ती जात परागीभवनाशिवायच फळ धरते. उंबराची तऱ्हा वेगळी आहे. त्याच्यात गांधीलमाशी शिरलीच नाही, तर बहुतेक वेळा झाड ते फळ हिरवं असतानाच टाकून देतं. झाडाखाली पडलेली बारीक, कडक, हिरवी उंबरं मुलांना वेचायला सांगा आणि कापून दाखवा, आत कुणी राहायला आलेलं दिसत नाही.

या घरात घुसखोरही असतात, आणि हा भाग आमच्याकडे सगळ्यात आवडीचा आहे. काही परजीवी गांधीलमाश्या आत शिरतच नाहीत. हिरव्या उंबरावर बसून केसाहून बारीक सुई बाहेरूनच भिंतीत खुपसतात आणि आत अंडी घालतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ही सुई तपासली तेव्हा तिच्या दातेरी टोकाशी जस्त आढळलं. लाकडासारखी चिवट भिंत भोसकायची तर टोक कठीण हवंच. एका सकाळी भिंगाखाली आम्हाला अशी एक दिसली. शरीर कमानीसारखं उंच, सुई अर्धी आत. लेक श्वास रोखून बघत होती, तेवढ्यात एक मुंगी आली आणि माशी उडाली. उंबरावर मुंग्या का फिरतात याचं एक उत्तर तिला तिथल्या तिथे मिळालं.

याच संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबराच्या गंधाचा अभ्यास केला. फळाच्या वाढीच्या टप्प्याप्रमाणे त्याचा गंध बदलतो, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. कोवळ्या फळाला गांधीलमाशी हवी असते, पिकलेल्याला बिया नेणारे पक्षी आणि वटवाघळं. वड, पिंपळ, नांदरुक, पायर ही सगळी उंबराचीच भावंडं. जगात या प्रजातीच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेकींची गांधीलमाशी आपापली, ठरलेली.

इथे शहराचा प्रश्न येतो. बाहेर पडलेली मादी दिवस-दोन दिवस जगते. ज्या झाडावरून ती निघाली त्यावरची फळं साधारण एकदमच पिकत असल्यानं तिथे तिला जागा नसते. तेवढ्या वेळात कोवळी फळं असलेलं दुसरं उंबराचं झाड सापडायला हवं. आफ्रिकेत उंबराचा एक जवळचा भाऊ आहे. नामिबियातल्या उगाब नदीकाठी त्याच्या गांधीलमाश्या वाऱ्यावर स्वार होऊन 160 किलोमीटरपर्यंत गेल्याचं संशोधकांना आढळलं. म्हणजे अंतर त्यांना भीती घालत नाही, पण तिकडे झाड तर हवं! झाडांची वेळापत्रकं वेगवेगळी असल्यामुळेच वर्षभर कुठे ना कुठे उंबरं पिकलेली असतात. बाकीच्या झाडांवर काही नसतं तेव्हाही तांबट, कोकिळा, राखी धनेश आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांची पोटं भरतात. पुण्यामुंबईत इतके उंबर अजून टिकून आहेत यामागे दत्ताचा मोठा हात आहे असं मला मनापासून वाटतं. औदुंबराला कुऱ्हाड लावायला माणसं आजही कचरतात.

गेल्या महिन्यात आम्ही पूर्ण वाढलेली, पण अजून लाल न झालेली चार उंबरं घरी आणली, काचेच्या बरणीत ठेवली आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. बरणी आईनंच खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच हाक मारली. उजेडाकडच्या काचेवर काळे ठिपके चालत होते, आणि एका उंबराला टाचणीनं पाडावं तसं भोक पडलं होतं. आम्ही फडकं सोडलं. "आता कुठे जाणार या?" लेकीनं विचारलं. आमच्या भागात आम्हाला तोवर तीन उंबर सापडले होते. बागेतल्या झाडाची फळं लाल होत आली होती, ओढ्याकाठच्याला अजून काहीच नव्हतं. संध्याकाळी आम्ही तिघी दत्ताच्या देवळामागे गेलो. तिथल्या खोडावर वाटाण्याएवढी, कोवळी हिरवी उंबरं नुकतीच धरली होती.