गाव सोडण्याचा हिशेब

शहरात काम मिळेलच असं नसतं, राहायला धड जागा मिळत नाही, तरी गावाकडून येणारा ओघ आटत नाही. हे कोडं जॉन हॅरिस आणि मायकल टोडॅरो या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये एका साध्या गुणाकाराने सोडवलं. माणूस शहरातली मजुरी तेवढी बघत नाही, ती हाती पडण्याची शक्यता किती हेही मनाशी धरतो. समजा, गावात दिवसाला शंभर मिळतात आणि शहरात तीनशे, पण काम दोघांतल्या एकालाच. तरी शहराची सरासरी दीडशे भरते! म्हणूनच शहरात नोकऱ्या वाढल्या की कधीकधी बेकारीही वाढते. आशा वाढली की आणखी माणसं निघतात.

या गणितातला माणूस मात्र एकटा आहे, आणि तेच मला अपुरं वाटतं. घर सोडायचं की नाही हे बहुधा सगळं घर मिळून ठरवतं. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. पावसाने दगा दिला की आपल्याबरोबर शेजाऱ्याचंही पीक जातं, मग उसनं मागायचं कुणाकडे? शहरातला पगार त्या पावसावर अवलंबून नसतो. एकाला शहरात धाडणं हा कुटुंबाने स्वतःच उतरवलेला विमा असतो.

मग सगळ्यांत गरीब सगळ्यांत आधी निघत असतील? तसं होत नाही. बांगलादेशातल्या रंगपूर भागात पेरणी आणि कापणीच्या मधल्या दिवसांत उपासमार व्हायची, तरी बरीच कुटुंबं जागची हलत नसत. २००८ मध्ये संशोधकांनी काही कुटुंबांना एकाला शहरात पाठवण्याच्या अटीवर जेमतेम बसभाड्याएवढे पैसे दिले. तेवढ्यावर आणखी २२ टक्के कुटुंबांनी माणूस पाठवला, आणि मागे राहिलेल्यांच्या पोटात चार घास जास्त गेले. इतका फायदा होता, तर आधी का गेले नाहीत? काम मिळालं नाही तर भाड्याचे पैसेही बुडणार, आणि ज्याच्या घरात आठवड्याचंच धान्य उरलंय त्याला तेवढंही बुडवणं परवडत नाही. पुढे हाच उपक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला, तेव्हा मात्र स्थलांतर तसं वाढलं नाही. पण त्या पहिल्या प्रयोगातली कित्येक माणसं पुढच्या वर्षी कुणी भाडं न देताही निघाली, आणि पुष्कळदा आधीच्याच मालकाकडे गेली.