‘मनी नाही भाव’ कुणाचं चांगलं?

खंजेरी भजन स्पर्धेत परीक्षक गुणांची बेरीज करत असतात तेव्हा मांडवाबाहेर चहाच्या टपरीवर दुसराच निकाल लागत असतो: यंदा ‘मनी नाही भाव’ कुणी चांगलं म्हटलं? कुणाला संथ लयीतलं आवडतं, कुणाला कीर्तनातलं. पोरांना डीजेवालं. विदर्भातल्या खेड्यांत हा वाद जुना आहे आणि तो मिटत नाही, कारण ज्याच्याशी ताडून बघायचं ते ‘मूळ’ गाणं इथं वेगळ्याच प्रकारचं आहे.

‘मनी नाही भाव, म्हणे देवा मला पाव’ हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेल्या माणिकचं ‘तुकड्या’ हे नाव गुरू आडकोजी महाराजांनी ठेवलं, आणि तेच पुढं भजनाच्या शेवटच्या कडव्यात सहीसारखं येत राहिलं. १९३५ साली नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या आणि प्रत्येक शाखेसोबत एक भजन मंडळ आलं. महाराजांच्या आवाजातली काही ध्वनिमुद्रणं आहेत, पण बहुतेक मंडळांपर्यंत भजन पोचलं ते तबकडीवरून नव्हे. समोर बसून ऐकलेल्या माणसाकडून किंवा छापील भजनावलीतून.

त्या भजनावल्या नीट पाहण्यासारख्या आहेत. भजनाच्या डोक्यावर बऱ्याचदा चाल दिलेली असते, हिंदी भजन असेल तर ‘तर्ज’. लोकांच्या तोंडी आधीच असलेलं एखादं गाणं घ्यायचं आणि त्यावर नवे शब्द बसवायचे, अशी ही रीत. स्वरलिपी वाचता न येणाऱ्या गावात याहून सोयीचं काही नव्हतं. ज्याला ते जुनं गाणं ठाऊक, त्याला नवं भजन पाच मिनिटांत आलं. म्हणजे भजन जन्मतानाच दुसऱ्या कुणाच्या तरी चालीवर उभं असायचं. मग पुढच्या मंडळानं चाल बदलली तर त्यानं मूळ मोडलं असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. शहरातल्या रसिकांना हे पटायला जड जातं, कारण त्यांच्यासाठी मूळ म्हणजे पहिलं ध्वनिमुद्रण.

चालीइतकंच वाद्याचंही आहे. खंजेरी म्हणजे हातात मावणारं लाकडी कडं, एका बाजूनं कातडं मढवलेलं, कडेला झांजेच्या चकत्या. पेटी-तबला न्यायचा तर बैलगाडी हवी. खंजेरी पिशवीत मावते. एका हातानं धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची, कातडं दाबून आवाज चढवायचा-उतरवायचा. गाणारा आणि वाजवणारा एकच माणूस असू शकतो, त्यामुळं शब्द आणि ठेका यांच्यात तिसरा कुणी येत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये विदर्भातली चिमूर आणि आष्टी ही गावं इंग्रजांविरुद्ध पेटली, त्याआधी त्या भागात हीच खंजेरी फिरली होती. ‘झाड झडूले शस्त्र बनेंगे’ म्हणणाऱ्या महाराजांना इंग्रजांनी अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. एवढ्याशा वाद्याचं सरकारला भय वाटावं, याचं मला अजून नवल वाटतं.

‘मनी नाही भाव’ त्या मानानं घरगुती भांडण आहे, माणसाचं स्वतःच्या भक्तीशी. देव बाजारातला भाजीपाला नाही, असं धृपद बजावतं आणि कडवी पुढं एकेक दार बंद करत जातात: देवपण दगडात नाही, लाकडात नाही, सोन्याचांदीत नाही. काही मंडळं लाकडाच्या देवाला आगीचं भेव आणि मातीच्या देवाला पाण्याचं, हेही घेतात. अमरावती जिल्ह्यातलेच गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून विचारून जिथं आणून सोडत, तिथंच हे भजन पोचतं. वऱ्हाडातल्या माणसाला ही भाषा उपदेशाची वाटत नाही. ओसरीवर बसून कुणी तरी हक्कानं दटावतंय, असं वाटतं.

म्हणून माझी कसोटी आवाजाची नाही, कडव्यांची आहे. धृपद कुणालाही बिघडवता येत नाही, ते आपोआप रंगतं. कडवी मात्र टोचतात. गाणारा ती ठेवतो की गाळतो, यावरून त्यानं भजन घेतलं की नुसता ठेका उचलला, ते कळतं. जुने खंजेरीवाले हेच एका वाक्यात विचारतात: चाल बदलवली तं बदलवली, कडवं काऊन कापलं रे बाबू?

या कसोटीवर बसून म्हणणारी जुनी खंजेरी मंडळं पक्की उतरतात. एक म्हणतो, बाकीचे झेलतात, आणि कडव्याच्या शेवटी खंजेरी क्षणभर थांबते तेवढ्यात शब्द आत जातो. स्पर्धेमुळं अलीकडं लय वाढली आहे. वादनाची चमक दाखवायची घाई असते आणि शब्द चकत्यांच्या आवाजात बुडतात. हे मला खटकतं. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या मांडून कीर्तन करतात. त्यांचा प्रकारच निराळा. तिथं भजन सलग येत नाही. एक ओळ, मग हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांवरचं बोलणं, मग पुन्हा खंजेऱ्या. गाणं म्हणून ऐकू गेलं तर तुटक वाटेल, पण कडव्यांमधला राग तिथं पुरता शाबूत असतो.

बायकांच्या मंडळांबद्दल टपरीवर कुणी बोलत नाही, आणि मला तर तीच सगळ्यांत आवडतात. पेटी, ढोलक, टाळ. लय हळू, आवाज एका पट्टीत, सगळ्या मिळून. ज्या घरातले उपासतापास आणि नवसाचे नारळ त्यांच्याच वाट्याला येतात, त्या घरातल्या बाया ‘देव अशानं भेटायचा नाही’ म्हणतात तेव्हा त्या ओळीचं वजन बदलतं.

डीजेवरचं? धृपदाच्या दोन ओळी पुन्हा पुन्हा, खाली ढोल, आणि कडवी गायब. मिरवणुकीत पाय थिरकतात हे खरं. पण ज्या देखाव्याला हे भजन दटावतं त्याच देखाव्यापुढं ते वाजतं, आणि दटावणारा भाग तेवढा कापलेला असतो.

कापाकापीचा आणखी एक परिणाम आहे. शेवटचं कडवं गेलं की ‘तुकड्या’ हे नाव जातं, मग भजन कधी ‘पारंपरिक’ होतं, कधी थेट तुकाराम महाराजांच्या नावावर चढतं. ‘हर देश में तू, हर भेष में तू’ या हिंदी भजनाचंही असंच. शाळांच्या प्रार्थनेत म्हणणाऱ्या कितीतरी जणांना ते मोझरीच्या महाराजांचं आहे याची कल्पना नसते, कारण नाव शेवटच्या कडव्यात आहे आणि घंटा त्याआधीच वाजते.

मोबाइलवर ‘मनी नाही भाव’ शोधणाऱ्यानं आधी लांबी बघावी. दीड-दोन मिनिटांत आटोपत असेल तर कात्री लागली आहे असं समजावं आणि पुढचं लावावं.