वखराच्या लाकडाचा टॅम्पर: या छोट्या कोरीवकामामागची गोष्ट

आमच्याकडे पाइप ओढणारा माणूस शोधूनच काढावा लागते, गावात चालते तो खर्रा, बिडी अन् एखाद्या म्हाताऱ्याची चिलीम. तरी लाकूड कोरायला नवीन बसणाऱ्याला मी पहिले पाइपचा टॅम्परच करायला सांगतो. पाइपमधली तंबाखू दाबायचं बोटभर दांडकं, एक टोक सपाट, बाकी आकार तुमच्या मनाचा. तंबाखूच्या व्यसनाची ही शिफारस नाही, पण ही वस्तू पहिल्यापासून हौशी हातांची आहे अन् ते तिच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

तंबाखू पेटवली की फुगून वर येते, ती हलकेच दाबून परत पेटवावी लागते, नाहीतर विझते. सतराव्या शतकात इंग्लंडात पांढऱ्या मातीचे पाइप होते अन् तंबाखू महाग, त्यामुळे वाटी (पाइपमधला तंबाखू भरायचा खळगा) एवढीशीच, तिच्यात बोट जायचं नाही अन् गेलंच तर भाजायचं. मग हाड, पितळ, लाकूड, जे सापडलं त्याची दाबणी झाली, काहींनी तर ती बोटातल्या अंगठीलाच जोडून घेतली. पितळेची ओतलेली विकत घ्यावी लागे, लाकडाची मात्र कोणीही घरी चाकूनं करू शके.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे लोकं लाकूड कोणतं निवडायचे तो. 1651 मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर इंग्लंडचा दुसरा चार्ल्स बॉस्कोबेल इथल्या एका ओकच्या झाडावर लपला होता, पुढं 1660 ला तो राजा म्हणून परत आला अन् लोकांनी आठवण म्हणून त्या झाडाच्या फांद्या इतक्या तोडून नेल्या की झाडच संपलं, त्या लाकडाचे टॅम्पर झाले. शेक्सपियरच्या घरच्या तुतीचं तसंच. ते झाड 1756 च्या सुमारास नव्या मालकानं तोडून टाकलं, स्ट्रॅटफर्डच्या थॉमस शार्प नावाच्या घड्याळवाल्यानं लाकूड विकत घेतलं अन् त्यातून डब्या, टॅम्पर असं कायकाय करून वर्षानुवर्षं विकत राहिला, इतकं की लोकांना शंका यायला लागली, तेव्हा 1799 मध्ये त्यानं लाकूड खरंच त्याच झाडाचं आहे असं शपथेवर लिहून दिलं. म्हणजे बोटभर तुकडा, पण तो कुठल्या झाडाचा यालाच किंमत.

एकोणिसाव्या शतकाच्या मधात फ्रान्सच्या सेंट-क्लोद गावात ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाच्या गाठीचे पाइप व्हायला लागले, त्यांची वाटी रुंद, म्हणून टॅम्परचं टोकही जाड झालं.

आपल्याकडे तंबाखू पोर्तुगीजांमार्फत आधी दख्खनेत आली, 1604 च्या आसपास अकबराचा वकील असद बेगनं विजापुराहून ती अकबराच्या दरबारात नेली, 1617 मध्ये जहांगीरनं बंदीही घातली पण कोण ऐकते. खेड्यात पाइप काही रुजला नाही, त्यामुळे टॅम्परची परंपरा इथं नाही. लाकडाची मात्र आहे, अन् जोरदार आहे. गावचा वाढई, म्हणजे सुतार, वर्षाच्या धान्यावर नांगर, वखर, तिफन, बंडी सगळं करून द्यायचा, नुसत्या वाकस अन् पटाशीवर. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतात, ती चाल नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केली असं सांगतात, अन् ते बैलही वाढयाच्याच हातचे राहायचे.

आता ट्रॅक्टर आले, वखर गोठ्याच्या मागं पडून राहते अन् एक दिवस चुलीत जाते. मला ह्याचं खरंच वाईट वाटते. आजोबानं ज्या वखरामागं आयुष्य काढलं त्याचा वीतभर तुकडा बाजूला ठेवा, त्याचा टॅम्पर करा, कोण्या पाइपवाल्याला द्या नाहीतर नुसता जवळ ठेवा, आपल्यासाठी ते लाकूड बॉस्कोबेलच्या ओकाहून कमी नाही.

फक्त जुनी बाभूळ किंवा धावडा दगडासारखा होते, नवीन हाताला चाकूनं जात नाही, म्हणून पहिला तुकडा सागाचा घ्या, वाढयाकडं कापून उरलेली छाटण मिळते, त्यासाठी झाड तोडायची गरज नाही. बिब्ब्याच्या लाकडाला हात लावू नका, चीक अंगावर उततो, अन् कण्हेरही नको. आकार आला की कानस, मग पॉलिश पेपर. आपल्याकडे जवस आहेच, त्याचं तेल कापडानं पातळ चोळून काही दिवस सुकू द्यायचं, पण जळत्या तंबाखूला लागणारं टोक कोरंच ठेवायचं, व्हार्निश तर तिथं बिलकुल नको. ते टोक हळूहळू काळं पडतेच, जास्तच जळलं तर थोडं घासून काढायचं, म्हणून दांडकं सुरुवातीलाच थोडं जास्त लांब ठेवलेलं बरं.