पुढच्याचं डोकं आडवं येतं, या तक्रारीमागचा इतिहास

पुढच्या सीटवर उंच माणूस येऊन बसला आणि स्टेज दिसेनासं झालं तर चूक कोणाची, त्याची, आपली की हॉल बांधणाऱ्याची, हा प्रश्न वाटतो तितका जुना नाहीये. डोकी आडवी येणं जुनंच, माणसं एकामागे एक बसायला लागली तेव्हापासूनचं. पण "मी पैसे मोजलेत, मला नीट दिसलंच पाहिजे" हे म्हणणं बऱ्यापैकी अलीकडचं आहे. त्याआधी कोणाला किती दिसणार हे त्याच्या समाजातल्या पायरीवरून ठरलेलं असायचं, आणि त्यावर कोणी फार वाद घालत बसायचं नाही.

ग्रीकांनी सोपा मार्ग काढला होता, डोंगराचा उतारच वापरायचा. एपिडॉरसचं इ.स.पू. चौथ्या शतकातलं थिएटर आजही उभं आहे, नंतर वाढवलेल्या धरून 55 रांगा, दहा-बारा हजारांच्या वर माणूस मावतो आणि शेवटच्या रांगेतूनही खालचं वर्तुळ पूर्ण दिसतं. अर्थात तिथेही सगळे सारखे नव्हतेच, अथेन्सच्या डायोनिससच्या थिएटरमध्ये पहिल्या रांगेत कोरीव संगमरवरी आसनं आहेत आणि मधलं आसन देवाच्या पुजाऱ्याचं. रोमन लोकांनी तर याचे कायदेच केले. इ.स.पू. 67 च्या कायद्याने थिएटरमधल्या पहिल्या 14 रांगा एका विशिष्ट श्रीमंत वर्गासाठी राखून ठेवल्या, पुढे सम्राट ऑगस्टसने नियम आणखी कडक केले आणि बायकांना पार वरच्या टोकाला नेऊन बसवलं. तिथून काय दिसत असेल ते दिसो, त्याची दाद मागायला जागाच नव्हती.

आपल्याकडच्या भरताच्या नाट्यशास्त्रात मात्र एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह कसं बांधायचं ते सांगताना प्रेक्षकांची आसनं विटा आणि लाकडाची, जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढती करायची आणि ती अशी की रंगपीठ दिसलं पाहिजे, असं चक्क लिहून ठेवलंय. शिवाय नाट्यगृह फार मोठं करू नका असंही आहे, 64 हात लांब आणि 32 हात रुंद पुरे, त्याहून मोठं केलं तर आवाज नीट ऐकू येणार नाही आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत. म्हणजे दिसण्याचा विचार तिथे ऐकण्याच्या बरोबरीने केलाय. याउलट रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियस, इ.स.पू. पहिल्या शतकातला, तोही सांगतो की सगळ्यात खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत दोरी ताणली तर ती प्रत्येक पायरीच्या कडेला टेकली पाहिजे, पण कारण काय देतो तर आवाजाला अडथळा नको! डोक्यांचं नावच नाही.

मग मधली कित्येक शतकं सोडून थेट राजेरजवाड्यांच्या थिएटरात येऊ. सोळाव्या-सतराव्या शतकात इटलीत पडद्यांवर रंगवलेली खोल खोल जाणारी गावं, रस्ते, महाल यांची फॅशन आली. हे चित्र बरोबर दिसायचं तर बघणाऱ्याचा डोळा एका ठराविक जागी हवा, आणि ती जागा अर्थातच राजाची. बाकीच्यांना रस्ते तिरके दिसले तर दिसले. उतारही प्रेक्षकांच्या बाजूला देण्याऐवजी स्टेजलाच द्यायचे, मागची बाजू उंच आणि पुढची खाली, म्हणजे मागे उभा असलेला नट जरा वर दिसायचा. व्हेनिसमध्ये 1637 मध्ये तिकीट काढून जायचं पहिलं ऑपेरा हाऊस उघडलं, आणि पुढे सगळीकडे बॉक्सच्या, म्हणजे मोजक्या माणसांनी बसायच्या खोलीवजा कप्प्यांच्या, माळाच्या माळा घोड्याच्या नालेसारख्या बांधल्या गेल्या. त्यातल्या बाजूच्या बॉक्समधून स्टेज निम्मंच दिसतं, समोरच्या बॉक्समधली माणसं मात्र छान दिसतात. आणि लोक त्यासाठीच तर जायचे. लाइट चालू, गप्पा चालू, कोण कोणाबरोबर आलंय ते बघणं चालू, अशा ठिकाणी पुढच्याच्या डोक्याची तक्रार कोण करणार.

लंडनमध्ये 1599 च्या ग्लोब थिएटरमध्ये एक पेनी देऊन उभं राहायचं, डोक्यावर टोपी असायचीच आणि स्टेज जवळपास माणसाच्या खांद्याइतकं उंच, तेवढाच काय तो दिलासा. पण सगळ्यात मोठा अडथळा प्रेक्षकांत नसायचाच, तो स्टेजवर असायचा. छपराच्या महागड्या थिएटरांत जास्त पैसे देऊन शौकीन मंडळी स्टेजवरच स्टूल टाकून बसायची, नवे कपडे दाखवत, मधेच शेरे मारत. हे पॅरिसमध्येही होतं आणि ते संपायला किती वेळ लागला बघा, पॅरिसच्या कॉमेडी फ्रान्सेजमध्ये 1759 मध्ये एका सरदाराने नुकसानभरपाई भरली तेव्हा कुठे स्टेजवरच्या खुर्च्या गेल्या, आणि लंडनच्या ड्ररी लेन थिएटरमध्ये नट आणि मॅनेजर डेव्हिड गॅरिकने 1760 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या बंद केल्या. त्या जागांचे पैसे चांगले मिळायचे म्हणून सोडवत नव्हतं, दुसरं काही कारण नाही.

माझ्या मते खरा बदल 1809 मध्ये दिसतो. लंडनचं कोव्हेंट गार्डन थिएटर जळलं, पुन्हा बांधलं आणि मॅनेजर जॉन फिलिप केंबलने तिकिटं वाढवली. लोकांनी 67 रात्री दंगा केला, घंटा वाजवल्या, नाचले, नाटक ऐकूच येऊ दिलं नाही. मुख्य राग दरवाढीचा आणि श्रीमंतांसाठी वाढवलेल्या खाजगी बॉक्सचा होता पण एक तक्रार अशीही होती की सगळ्यात वरची गॅलरी इतकी उंचावर आणि इतकी अडचणीची केलीये की तिथून नटांचे फक्त पाय दिसतात! शेवटी केंबलला माफी मागावी लागली. स्वस्त तिकीटवाल्यालाही पूर्ण नट दिसला पाहिजे, ही मागणी इतक्या जोरात मी तरी त्याआधी कुठे वाचलेली नाही.

आणि मग हा प्रश्न गणिताकडे गेला. स्कॉटिश इंजिनियर जॉन स्कॉट रसेल हा भन्नाट माणूस, 1834 मध्ये कालव्यातल्या एका एकट्या लाटेमागे घोड्यावरून गेला आणि त्यातून पुढे भौतिकशास्त्राची एक अख्खी शाखा निघाली. त्यानेच 1838 मध्ये प्रेक्षकांच्या बसण्याच्या रचनेवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की प्रत्येकाच्या डोळ्यापासून स्टेजपर्यंतची रेषा पुढच्याच्या डोक्यावरून सारख्याच अंतराने जायला हवी असेल तर सरळ उतार चालत नाही, मागे जाऊ तसा चढ वाढत गेला पाहिजे, म्हणजे जमीन वक्र हवी. हे वाचून शिकागोच्या 1889 च्या ऑडिटोरियम थिएटरमध्ये आर्किटेक्ट अ‍ॅडलर आणि सुलिव्हन यांनी त्याची वक्ररेषा वापरली. त्याच्या थोडं आधी, 1876 मध्ये, जर्मन ऑपेरा-संगीतकार वॅग्नरने बायरॉइट गावातल्या आपल्या थिएटरमध्ये दुसऱ्या टोकाने हेच केलं, बाजूचे बॉक्स काढले, पंख्याच्या आकारात सगळ्यांना एकाच चढावर स्टेजकडे तोंड करून बसवलं, वादक मंडळी खड्ड्यात झाकून टाकली आणि वर प्रेक्षागृहात अंधार केला. अंधार केल्यावर बघायला स्टेजशिवाय काही उरतच नाही, त्यामुळे पुढचं डोकं पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने खुपायला लागलं.

नेमक्या त्याच काळात बायकांच्या हॅट मोठ्या होत गेल्या. पिसं, फुलं, रिबिनी, कधी भुसा भरलेला अख्खा पक्षी, हे सगळं डोक्यावर. पुरुषांचं सोपं होतं, त्यांनी आत आल्यावर टोपी काढायची हाच शिष्टाचार, आणि ऑपेरासाठी तर दाबून चपटी करता येणारी स्प्रिंगची हॅट निघाली होती. बायकांचा शिष्टाचार बरोबर उलटा, सभ्य बाईने चारचौघांत हॅट घालूनच राहायचं, आणि ती लांब लांब पिनांनी केसांच्या रचनेत अडकवलेली, काढायची म्हणजे केस विस्कटणार आणि ठेवायची कुठे हा वेगळा प्रश्न. रात्रीच्या खेळाला बॉक्समधल्या बायका बोडक्या डोक्याने यायच्या, त्यामुळे भांडण जास्त पेटायचं ते दुपारच्या खेळाला, रस्त्यावरच्या हॅटसकट आत आलेल्या प्रेक्षकांत. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या शिष्टाचाराप्रमाणे बरोबरच वागत होते, म्हणून तर ते मिटेना. अमेरिकेत गावोगावी नियम झाले, ओहायो राज्याने 1896 मध्ये कायदा केला आणि गंमत म्हणजे त्यात जबाबदारी टाकली थिएटरच्या मॅनेजरवर, हॅटवालीवर नाही. सिनेमा आला तेव्हा खेळाआधी काचेच्या स्लाइडवर "कृपया हॅट काढा" अशी विनंती दाखवायचे, आणि 1909 मध्ये अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने यावर जेमतेम तीन मिनिटांची विनोदी फिल्म काढली ज्यात छतातून यांत्रिक पंजा येतो आणि आधी एक हॅट उचलतो, मग दुसरी हॅट तिच्या मालकिणीसकट.

1920 च्या दशकात फॅशनच बदलली, हॅट डोक्याला चिकटून बसणाऱ्या झाल्या आणि वाद विझला. पण त्या भांडणाने एक सवय लावून ठेवली, दिसत नाही म्हणजे पुढच्याने काहीतरी चुकीचं केलंय. हॅट गेल्यावर उरलं नुसतं डोकं, ते काढून मांडीवर ठेवता येत नाही, तरी राग मात्र तसाच राहिला. त्यातून विसाव्या शतकात माणसं उंचही झाली, एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (2016) दिसलं की दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे 20 सेंमीने वाढली आणि इराणी पुरुषांची साडेसोळा. जुनी थिएटर्स अर्थातच जुन्या माणसांच्या मापाची. एक मात्र आहे, उंचीतला बराच फरक पायांत असतो, त्यामुळे उभं असताना डोंगर वाटणारा माणूस बसल्यावर तितका आडवा येत नाही, आणि उलट आखूड पायांचा, लांब धडाचा मध्यम उंचीचा माणूस पूर्ण स्टेज झाकून टाकतो. त्याला कोणी उंच म्हणत नाही म्हणून तो सुटतो.

सिनेमावाल्यांनी बराच काळ जमिनीला नावापुरता उतार दिला आणि पडदा वर टांगला. बेन श्लँगर नावाच्या आर्किटेक्टने तर 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये असा हॉल केला की जमीन पडद्याकडे जाताना वर चढते, कल्पना अशी की पुढचे लोक मागे रेलून वर बघतील. कागदावर ते जमायचं, पण प्रत्यक्ष बसणाऱ्यांनी त्या हॉलला बराच काळ नावं ठेवली. मोठ्या पायऱ्यांवर सीट लावायची पद्धत मल्टिप्लेक्समध्ये सर्रास झाली ती 1990 च्या दशकाच्या मध्यापासून.

आज डिझाइन करणारे याला सी-व्हॅल्यू म्हणतात. आपल्या डोळ्यापासून स्टेजच्या किंवा मैदानाच्या कडेपर्यंत रेषा काढायची आणि ती पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते ते मोजायचं. डोळ्यापासून टाळूपर्यंत सरासरी 12 सेंमी असतात, म्हणून 120 मिलिमीटर मिळाले तर उत्तम, 90 चांगलं, 60 म्हणजे मान इकडेतिकडे करत डोक्यांच्या मधून बघायचं. मग सगळीकडे 120 का देत नाहीत? कारण दर रांगेला तेवढं द्यायचं तर मागचा चढ इतका उभा होतो की माणूस पडेल, ब्रिटनच्या मैदानांच्या सुरक्षेच्या गाइडमध्ये त्यावर सुमारे 34 अंशांची मर्यादा आहे. चढ कमी ठेवायचा तर खुर्च्या एकाआड एक सरकवून लावतात, म्हणजे लगेच पुढच्या दोघांच्या मधून आणि त्याच्या पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं. आणि हे सगळे आकडे सरासरी माणसाचे. पुढचा बसल्यावर सरासरीपेक्षा 6 सेंमी उंच असला तर 90 मधले 30 च उरतात, म्हणजे काहीच नाही. मुद्दा हा की त्याने काही केलेलं नसतं, हॉल बांधताना जागा वाचवलेली असते.

व्हीलचेअरवाल्यांच्या बाबतीत हे कोर्टापर्यंत गेलं. पुढचे लोक ऐन मोक्याला उभे राहतात, मागच्या बसलेल्यांना मग उभं राहावं लागतं, आणि सगळे उभे राहिले की पूर्वी जितकं दिसत होतं तितकंच दिसतं, फक्त पाय दुखतात. पण व्हीलचेअरवरच्या माणसाला तर उभं राहणंही शक्य नाही. वॉशिंग्टनच्या एका नव्या अरीनाबद्दल 1997 मध्ये अमेरिकन अपील कोर्टाने हे मान्य केलं की त्यांच्या जवळपास सगळ्या जागांवरून उभ्या असलेल्या लोकांच्या डोक्यांवरूनही दिसलं पाहिजे, आणि 2010 च्या तिथल्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं गेलं. शिष्टाचाराच्या पाट्या लावून जे झालं नसतं ते काँक्रीट उंच करून झालं.

बाकी राहिलं ते वागण्यातलं, आणि त्यात उंच माणसाच्या वाट्याला फार थोडं येतं असं मला वाटतं. टोपी काढावी, केसांचा उंच अंबाडा असेल तर खाली बांधावा, मोबाइल डोक्याच्या वर धरू नये, आणि पाठ टेकून बसावं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाल्कनीत पुढे झुकलेला बुटका माणूसही मागच्या दोन-तीन जणांची स्टेजची कड घालवतो, म्हणून काही थिएटरांत खेळाआधी तशी सूचना देतात. खुर्चीत घसरून बसायची अपेक्षा मात्र चुकीची आहे, अडीच तास ते कोणालाच जमत नाही, आणि गुडघे आधीच पुढच्या सीटला टेकलेले असतात. मागच्याला खरंच दिसत नसेल तर आपल्याच ग्रुपमध्ये जागा बदलावी, नाहीतर स्टाफला विचारावं, रिकामी सीट असली तर ते बहुतेक वेळा देतात. तिकिटावर सीट नंबर छापताना पुढे कोण बसणार हे कोणालाच माहिती नसतं, त्यामुळे खांबामागच्या सीटवर "दृश्य मर्यादित" असं लिहून तिकीट स्वस्त देता येतं, माणसामागच्या सीटवर नाही.